पगार थकला आणि जहाज गेलं : 'रॉयल चार्ल्स'ची गोष्ट

पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली, हे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेलं आहे. ती राजकन्या, ब्रगांझा घराण्यातली कॅथरिन, १६६२ साली लिस्बनहून सासरी निघाली ती 'रॉयल चार्ल्स' नावाच्या जहाजातून. तीन तोफमजल्यांचं, ऐंशीहून जास्त तोफांचं, इंग्रज आरमारातलं अगदी मानाचं जहाज. पुढे पाचच वर्षांनी डच लोक इंग्लंडच्या नदीत शिरले आणि हेच जहाज नांगरल्या जागेवरून सोडवून घेऊन गेले. त्या वेळी त्यावर लढायला माणूसच नव्हता.

एवढं बलाढ्य जहाज असं कसं जातं? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुणीतरी फितूर झालं असेल असंच मला वाटलं होतं. खरं कारण त्याहून साधं आहे, आणि मला विचाराल तर त्याहून जास्त वाईट वाटायला लावणारं. खलाशांचे पगार थकले होते. लाकडी युद्धनौका एकदा बांधली की झालं, असं नसतं. तिच्यावर रोज खर्च चालू असतो. तो थांबला की ती युद्धनौका राहत नाही, नदीत उभं असलेलं लाकूड उरतं.

तारखांबद्दल एक खुलासा आधीच करतो. त्या काळी इंग्लंडमध्ये जुनी दिनदर्शिका चालत होती आणि ती हॉलंडच्या दिनदर्शिकेपेक्षा दहा दिवस मागे होती. इथे दिलेल्या तारखा इंग्लंडच्या जुन्या हिशेबाने आहेत.

१६४९ मध्ये इंग्लंडने आपल्याच राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद केला. पुढची अकरा वर्षं देशाला राजा नव्हता. १६५३ पासून ऑलिव्हर क्रॉमवेल 'लॉर्ड प्रोटेक्टर' म्हणून कारभार पाहत होता. त्याच्या काळात, लंडनच्या पूर्वेला थेम्सकाठी असलेल्या वुलिचच्या गोदीत हे जहाज तयार झालं आणि एप्रिल १६५५ मध्ये पाण्यात उतरलं. नाव ठेवलं 'नेझबी'. नेझबी हे एका गावाचं नाव. १६४५ साली तिथे राजाच्या फौजेचा कणा मोडला होता. म्हणजे राजाचा पराभव जहाजाच्या नावातच मिरवला जात होता.

नावावर भागलं नाही. पाण्यात उतरण्याच्या सुमाराला जॉन एव्हलिन हा रोजनिशी लिहिणारा गृहस्थ ते पाहायला गेला होता. हा राजाच्या बाजूचा माणूस. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, कोरलेली मूर्ती पाहून त्याचा संताप झाला. घोड्यावर बसलेला क्रॉमवेल, आणि घोड्याच्या टापांखाली स्कॉट, आयरिश, डच, फ्रेंच, स्पॅनिश आणि इंग्रज अशी सहा माणसं. डोक्यावर विजयाची माळ धरलेली कीर्तिदेवता.

आता थोडं जहाजाच्या रचनेबद्दल, कारण पुढच्या लढाया त्याशिवाय कळत नाहीत. इंग्रज आरमारात तोफा आणि माणसं किती, यावरून जहाजांचे सहा दर्जे पाडलेले असत. पहिल्या दर्जाची जहाजं मोजकीच. 'नेझबी' त्यातलं. तीन मजल्यांवर दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा आणि युद्धाच्या वेळी सहाशेच्या घरात माणसं. सगळ्यात जड तोफा सगळ्यात खालच्या मजल्यावर, कारण वजन वर गेलं तर जहाज कलंडतं. या तोफांचा गोळा चौदा-पंधरा किलोचा. भिंतीएवढ्या जाड ओकच्या लाकडालाही तो भोक पाडायचा. गोळ्यापेक्षा घातक ठरायच्या त्या लाकडाच्या उडणाऱ्या चिरफळ्या.

पण खालच्या मजल्याची एक मोठी अडचण होती. तिथल्या तोफांची तोंडं पाण्यापासून फार उंच नसत. वारा जोराचा असला की शिडांचं जहाज एका अंगावर कलतं. मग त्या बाजूच्या खालच्या खिडक्या उघडल्या तर समुद्रच आत शिरायचा. अशा वेळी जहाजाच्या सगळ्यात भारी तोफा मुकाट बंद ठेवाव्या लागत. हे लक्षात ठेवा, पुढे याचीच किंमत मोजावी लागली.

दुसरी गोष्ट लढायच्या पद्धतीची. तोफा जहाजाच्या दोन्ही अंगांना असतात, पुढे फार थोड्या. त्यामुळे शत्रूकडे तोंड करून धावत जाण्यात फायदा नाही, त्याला आपली कूस दाखवावी लागते. पूर्वीच्या लढायांत जहाजं एकमेकांत घुसायची, दोर टाकून एकमेकांवर चढायची. १६५३ मध्ये इंग्रज सेनापतींनी लेखी हुकूम काढला : सगळ्यांनी एका ओळीत, एकामागे एक चालायचं. दिंडीसारखं म्हणा. अशाने कुणाच्याही तोफेसमोर आपलंच जहाज येत नाही आणि ओळीतल्या प्रत्येकाची एक बाजू शत्रूवर आग ओकत राहते. ओळीत दुबळं जहाज चालत नाही, म्हणून 'नेझबी'सारख्या जहाजांना एवढा भाव.

क्रॉमवेल १६५८ मध्ये वारला आणि दोन वर्षांत त्याने उभं केलेलं राज्य ढासळलं. मारलेल्या राजाचा मुलगा, दुसरा चार्ल्स, हॉलंडमध्ये होता. त्याला आणायला मे १६६० मध्ये जे आरमार गेलं, त्याचं मुख्य जहाज 'नेझबी'च होतं. आरमाराचा प्रमुख एडवर्ड माँटेग्यू, पूर्वी क्रॉमवेलचा भरवशाचा माणूस. त्याच्याबरोबर चिटणीस म्हणून त्याच्या नात्यातला एक तरुण होता, सॅम्युअल पीप्स. याची रोजनिशी उपलब्ध आहे म्हणून आपल्याला या जहाजाच्या पोटातलं इतकं काही कळतं.

पीप्स लिहितो की वाटेत जहाजावर शिंपी कामाला लावले होते. पिवळ्या कापडाचा मुकुट आणि राजाच्या नावाची आद्याक्षरं कापून, प्रजासत्ताकाच्या चिन्हाच्या जागी निशाणावर लावायची होती. २३ मे रोजी राजा जहाजावर आला. जेवण झाल्यावर राजा आणि त्याचा भाऊ, ड्यूक ऑफ यॉर्क जेम्स, यांनी बसल्या जागी जहाजांची बारशी केली. 'नेझबी'चं झालं 'चार्ल्स', पुढे 'रॉयल चार्ल्स'. क्रॉमवेलच्या मुलाच्या नावाचं 'रिचर्ड' झालं 'जेम्स'. दुपारभर राजा जहाजावर येरझाऱ्या घालत, १६५१ च्या पराभवानंतर आपण वेष बदलून चिखलातून कसे पळालो ते सांगत होता. ऐकताना पीप्सच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. २५ तारखेला डोव्हरला उतरण्यापूर्वी राजाने न्याहारीला खलाशांचंच जेवण खाल्लं : वाटाणे, डुकराचं मांस आणि उकडलेलं गोमांस.

नाव बदललं तरी नाळेवरचा क्रॉमवेल तसाच होता. तो १६६३ अखेर काढला आणि त्याच्या जागी समुद्रदेव नेपच्यून बसवायचं ठरलं. पीप्सला हे पटलं नव्हतं. शंभर पौंड फुकट घालवले, असं त्याने लिहून ठेवलं. पैशांची चणचण तेव्हाच जाणवत होती.

मधल्या काळात कॅथरिनचं लग्न झालं. १६६१ च्या करारात पोर्तुगालने मुंबई, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं तँजिअर आणि भली मोठी रोकड देऊ केली. मे १६६२ मध्ये 'रॉयल चार्ल्स' नवरीला घेऊन पोर्ट्समथला पोचलं. त्याच वर्षी अर्ल ऑफ मार्लबरो पाच जहाजं घेऊन मुंबई ताब्यात घ्यायला सप्टेंबरमध्ये इथे आला. पण पोर्तुगीज अधिकारी अडून बसले. मुंबई म्हणजे नेमकं काय, ठाणे-साष्टी त्यात येतं की नाही, इथपासून वाद. मार्लबरो हात हलवत परतला. मागे राहिलेले चारशेच्या आसपास शिपाई आणि त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले. आजाराने त्यातले बहुतेक एकेक करत तिथेच मेले, शिपमनसुद्धा. फेब्रुवारी १६६५ मध्ये अखेर मुंबई इंग्रजांना मिळाली तेव्हा त्यातले शंभरएक जण शिल्लक होते. लग्नाच्या याद्यांमध्ये आंदणाचा आकडा दिसतो, ही माणसं दिसत नाहीत.

त्याच सुमाराला इंग्लंडचं हॉलंडशी युद्ध जुंपलं. जगाचा व्यापार कुणाच्या जहाजांतून चालायचा, हा मूळ तंटा. ३ जून १६६५ रोजी इंग्लंडच्या पूर्वेकडच्या लोस्टॉफ्टच्या किनाऱ्यापासून दूर दोन्ही बाजूंची शंभर-शंभर जहाजं भिडली. 'रॉयल चार्ल्स'वर ड्यूक ऑफ यॉर्क स्वतः होता. साखळीने जोडलेला एक गोळा आला आणि ड्यूकच्या शेजारी उभे असलेले तीन सरदार एका क्षणात ठार झाले. त्यांच्या रक्तामांसाने तो माखला, त्याला मात्र काही झालं नाही. समोर डच सेनापती ओब्दामचं 'एन्द्राख्ट' हे जहाज होतं. दुपारी त्याच्या दारूकोठाराचा स्फोट झाला. चारशे माणसांतले पाच वाचले. डच आरमार पळालं.

त्या रात्री पाठलाग व्हायला हवा होता. ड्यूक झोपला होता. त्याच्या परिवारातल्या हेन्री ब्राउंकर नावाच्या दरबाऱ्याने ड्यूकचाच हुकूम आहे असं सांगून शिडं कमी करायला लावली आणि सकाळपर्यंत डच निसटले. याच लढाईत मुंबईहून परतलेला मार्लबरोही मारला गेला. आपल्याकडे मुंबईच्या इतिहासात त्याचं नाव जिथे संपतं, तिथून तीनच वर्षांत तो इथे येऊन संपतो.

पुढच्या वर्षी जहाजावर जॉर्ज मंक होता, म्हणजे राजाला परत आणणाऱ्यांतला मुख्य सेनापती. फ्रेंच येत असल्याची आवई उठली म्हणून इंग्रज आरमाराची फाळणी करण्यात आली; एक भाग राजाचा आतेभाऊ प्रिन्स रूपर्ट याच्याबरोबर पश्चिमेला गेला. मंकजवळ उरली ५६ जहाजं, आणि समोर डच सेनापती डे रॉयटर ८४-८५ जहाजं घेऊन उभा. तरी १ जूनला मंकने वाऱ्याच्या बाजूने हल्ला चढवला. वाऱ्याच्या बाजूला असणं एरवी फायद्याचं, कारण कधी भिडायचं ते आपण ठरवू शकतो. पण त्या दिवशी वारा इतका होता की इंग्रज जहाजं शत्रूच्याच बाजूला कलली आणि खालच्या मजल्याच्या खिडक्या उघडताच आल्या नाहीत. सगळ्यात मोठ्या तोफा सोबत असून नसल्यासारख्या. शिडांच्या काळातल्या सगळ्यात लांबलेल्या लढायांपैकी ही एक, चार दिवस चालली. तिसऱ्या दिवशी 'रॉयल प्रिन्स' वाळूच्या दांड्यावर रुतलं आणि डचांनी ते जाळलं. 'रॉयल चार्ल्स'चा तळही त्याच दांड्याला टेकला होता, पण ते सुटलं. इंग्रजांची दहाच्या आसपास जहाजं गेली. जुलैमध्ये मंक आणि रूपर्ट दोघे याच जहाजावरून लढले आणि जिंकले.

इथवर 'रॉयल चार्ल्स' शत्रूला समुद्रावर कधी ताब्यात घेता आलं नव्हतं. आता हिशेबाकडे येऊ, कारण जहाज गेलं ते इथे.

युद्धाच्या सुरुवातीला पार्लमेंटने २५ लाख पौंड मंजूर केले होते. त्या काळी हा आकडा डोळे विस्फारणारा. पण मंजूर होणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. करवसुली हळूहळू होते, खर्च मात्र आजच्या आज असतो. मधली पोकळी सावकारांच्या कर्जाने भरायची. त्यात १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगची साथ आली, व्यापार थंडावला, जकात आटली. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन जळलं. तिजोरीत येणारा पैसा तिथेही थांबला.

तरबेज खलाशाचा पगार महिन्याला २४ शिलिंग. तो महिन्याच्या महिन्याला मिळत नसे; सफर संपली, जहाज रिकामं केलं, की एकदम. आणि रोकड नसली तर हातात चिठ्ठी. 'तिकीट' म्हणत त्याला : अमुक माणसाने इतके महिने काम केलं, त्याला इतके देणं आहे. ही चिठ्ठी लंडनला नेऊन वटवायची. तिथेही पैसे नसले की हेलपाटे. घरी चूल पेटायची थांबत नाही, म्हणून खलाशी ती चिठ्ठी गुत्तेवाल्याला मिळेल त्या भावात विकून टाकायचा. वर्ष-दोन वर्षं जीव धोक्यात घालून कमावलेलं असं पडत्या भावात जायचं. जुलै १६६६ मध्ये पीप्सने आपल्या कचेरीच्या अंगणात तीनशेच्या वर बायका पाहिल्या. त्यांचे नवरे हॉलंडमध्ये कैदेत होते आणि त्या पैसे मागायला आल्या होत्या. पीप्स तेव्हा आरमाराच्या कारभारातला मोठा अधिकारी होता, पण त्याच्याकडेही द्यायला काही नव्हतं.

१६६७ च्या सुरुवातीला राजाच्या मंत्रिमंडळाने ठरवलं : मोठी जहाजं यंदा समुद्रात काढायचीच नाहीत. तहाच्या हालचाली चालू आहेत, थोडक्यात भागेल. 'रॉयल चार्ल्स' आणि इतर मोठी जहाजं थेम्सच्या मुखाशी मिळणाऱ्या मेडवे नदीत, चॅटमच्या गोदीपाशी, तोफा आणि माणसं कमी करून उभी केली. नदीत गिलिंगहॅमपाशी एक जाड लोखंडी साखळी आडवी टाकली. तेवढ्यावर भरवसा ठेवला.

डचांना याची खबर होती. जूनमध्ये डे रॉयटरचं आरमार थेम्सच्या तोंडाशी आलं. १० तारखेला त्यांनी मेडवेच्या मुखावरचा शीअरनेसचा अर्धवट बांधलेला किल्ला घेतला. मंक धावत चॅटमला गेला. गोदीच्या पटावर आठशे कामगार. त्याला जेमतेम बारा सापडले. तीसपैकी दहाच होड्या जाग्यावर, बाकीच्या लोकांनी आपापलं सामान हलवायला नेलेल्या. आणि खरं सांगायचं तर ज्यांना महिनोन्‌महिने पगार नाही, त्यांनी राजाच्या जहाजासाठी का थांबायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

१२ जूनला भरतीबरोबर डच वर सरकले. कॅप्टन फान ब्राकेलने पुढे होऊन पहाऱ्यावरचं इंग्रज जहाज घेतलं. मागोमाग आग लावून शत्रूवर सोडायची जहाजं आली, साखळी तुटली, तिच्यामागची दोन जहाजं पेटली. त्यापलीकडे 'रॉयल चार्ल्स'. ते वर ओढून न्या, असा हुकूम आधीच झाला होता. पण ओढायला होड्या आणि हात नव्हते. पीप्सने नंतर ऐकलेलं असं : एका होडीतून नऊ डच आले, जहाजावर एकही माणूस नव्हता, त्यांनी वर चढून निशाण उतरवलं आणि त्यांच्या तुतारीवाल्याने इंग्रजांचंच एक थट्टेचं गाणं वाजवलं. ज्या मंकने वर्षापूर्वी चार दिवस त्या जहाजावर झुंज दिली, तो आता चॅटममध्ये होता आणि काही करू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी डचांनी आणखी वर जाऊन 'रॉयल जेम्स', 'रॉयल ओक' आणि 'लॉयल लंडन' जाळली. मग 'रॉयल चार्ल्स' नदीतून खाली नेणं, हे खरं कसब. मेडवे उथळ आणि वळणावळणाची. डचांनी जहाज एका अंगावर कलतं केलं, म्हणजे त्याचा तळ कमी खोल जाईल, आणि चॅटमचा सगळ्यात जाणता वाटाड्याही धजावला नसता अशा भरती-वाऱ्यात ते बाहेर काढलं. हे कौतुक पीप्सचंच आहे.

डच जहाजांवर इंग्रज खलाशीही होते. इतके दिवस चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोख डॉलरसाठी (म्हणजे तेव्हाच्या चांदीच्या नाण्यांसाठी) लढतोय, असं ते ओरडून सांगत होते म्हणे. लंडनच्या खलाशीवस्तीत बायका रस्त्यावर म्हणत होत्या : आमच्या नवऱ्यांचे पगार दिले नाहीत, त्याचं हे फळ. आणि सात वर्षांपूर्वी याच जहाजावर राजाची गोष्ट ऐकून गलबललेल्या पीप्सने बातमी येताच बायको आणि वडिलांना १,३०० पौंडांचं सोनं देऊन गावी पाठवून दिलं.

खापर फोडायला माणूस लागतोच. चॅटमचा आयुक्त पीटर पेट सापडला. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रज आरमाराची जहाजं बांधणारं हे घराणं. 'नेझबी'ही त्याच घराण्याच्या हातची. मोजक्या होड्यांतली एक त्याने जहाजांच्या लाकडी प्रतिकृती वाचवायला वापरली, असा आरोप झाला. त्याचं म्हणणं, डचांच्या हाती त्या पडल्या असत्या तर जहाजापेक्षा जास्त नुकसान झालं असतं. त्याला 'टॉवर' या लंडनच्या किल्ल्यात कैदेत डांबलं, पद गेलं. मोठी जहाजं नदीत उभी करून ठेवायचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांतल्या कुणाला असं टॉवरमध्ये जावं लागलं नाही. मला यात उघड अन्याय दिसतो.

जुलैमध्ये डचांच्या ब्रेडा शहरात तह झाला. न्यूयॉर्क इंग्रजांकडे राहिलं, सुरिनाम आणि जायफळाचं रुन बेट डचांकडे. 'रॉयल चार्ल्स' हेलेव्हुटस्लाउसच्या बंदरात नेलं. पण त्याचा तळ फार खोल. हॉलंडच्या उथळ किनाऱ्याला ते जहाज निरुपयोगी. आपल्या कोकणातल्या खाड्यांत गलबतं चालतात आणि खोल बुडाची जहाजं बाहेर थांबतात, तसंच. मग डचांनी ते लोकांना बघायला मोकळं ठेवलं. चार्ल्सने याबद्दल तक्रारही केली.

तिजोरीची दशा सुधारली नव्हतीच. मार्च १६६८ मध्ये, 'रॉयल चार्ल्स' परदेशी बंदरात तमाशा बनून उभं असताना, राजाने त्या जहाजाने आणलेल्या राणीचं आंदण ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. मुंबईचं वर्षाचं भाडं १० पौंड. मिळकतीपेक्षा सांभाळायचा खर्च जास्त होता.

१६७३ मध्ये डचांनी जहाज मोडीत काढलं. मागच्या बाजूची कोरीव पट्टी मात्र राखली : सिंह, एकशिंगी घोडा आणि मधे इंग्लंडच्या राजाचं चिन्ह. ती ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. २०१२ साली ती काही महिने लंडनच्या ग्रिनिचमधल्या सागरी संग्रहालयात उसनी गेली होती. तिथून वुलिचची जुनी गोदी थेम्सच्या खालच्या अंगाला चार-पाच किलोमीटरवर आहे. प्रदर्शन संपल्यावर ती ॲमस्टरडॅमला परत आली.